नऊ वर्षे घरात असलेले स्टार कासव परत द्यावे का?

गच्चीवरची बाग (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितला तर गैरसमज होईल, म्हणून सगळेच लिहिते.

माझ्या सासऱ्यांनी २०१६ साली शोभेच्या माशांच्या एका दुकानातून स्टार कासव विकत आणले. पाळण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत एका प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाच-सहा कासवे एकावर एक पडलेली त्यांना दिसली, आणि निदान एक तरी वाचावे म्हणून तळहाताएवढे ते पिल्लू रुमालात गुंडाळून ते घरी घेऊन आले. घरात कासव आल्याने लक्ष्मी स्थिरावते असे शेजारच्या काकूंनी सांगितले, त्यावर सासरे हसले होते. गेल्या वर्षी ते गेले. कासव आमच्याकडेच आहे. त्याचे नाव बंड्या.

बंड्या गॅलरीत राहतो. त्याला काकडी, कोथिंबीर, जास्वंदीची फुले आवडतात. लहानपणी त्याला दूध-पोळीही दिली गेली, ती चूक होती हे आता कळते. माझ्या पावलांचा आवाज त्याला ओळखू येतो आणि तो पुढे येऊन मान वर करतो. माझी मुलगी दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याला ठेवून वजन एका वहीत लिहिते. आज ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास आहे. वर्षातून एकदाच तो वेगळा वागतो. पहिला पाऊस पडला की गॅलरीच्या दाराला दिवसभर धडका देतो, फरशी उकरतो, आणि आठ-दहा दिवस नीट खात नाही.

असा प्राणी घरी ठेवणे हा गुन्हा आहे हे मला मुलीच्या शाळेतल्या एका व्याख्यानानंतर समजले. शिक्षेची भीती वाटते, ती मी लपवत नाही. मात्र मला विचारायचे आहे ते त्यापलीकडचे आहे. जंगलातून पकडून आणणे चूक होते, हे मान्य. पण ती चूक दुसऱ्या कोणीतरी केली, आणि सासऱ्यांनी केवळ दया दाखवली. आता नऊ वर्षांनी, ज्याला घराखेरीज काही ठाऊक नाही असा प्राणी उचलून अनोळखी पिंजऱ्यात नेऊन ठेवणे, हे त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरणार नाही का? की मला तो सोडवत नाही, म्हणून मी असे म्हणते आहे?

माळरानवासी यांचे उत्तर

वन्यजीव बचावकार्यात मी जवळजवळ वीस वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो. तुमच्या शेवटच्या वाक्यातला प्रामाणिकपणा फार थोड्या लोकांत दिसतो, तेव्हा मीही काही आडपडदा न ठेवता लिहितो.

आधी कायदा आटोपतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात प्राण्याला जिवंत पकडणेही येते. तुमच्या सासऱ्यांनी कासव घेतले तेव्हा ते कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या चौथ्या यादीत होते, म्हणजे तेव्हाही ते पकडण्यावर बंदी होतीच. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते पहिल्या अनुसूचीत गेले, आणि आता शिक्षा तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. असा प्राणी हा शासनाची मालमत्ता मानला जातो आणि तो कोणत्याही मार्गाने हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. घरातले वन्यजीव जाहीर करण्याची मुदत २००३ साली दिली गेली होती, ती कधीच संपली. २०२० ची स्वेच्छा घोषणा आणि २०२४ ची पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरील नोंदणी यांचा काहीजण दाखला देतात, पण त्या विदेशी प्राण्यांसंबंधीच्या आहेत. पहिल्या अनुसूचीतले देशी कासव तिथे नोंदवून घरात ठेवणे अधिकृत होत नाही.

आता दयेविषयी. सासऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. तरीही त्या दिवशी घमेल्यातून एक कासव कमी झाले आणि दुकानदाराच्या गल्ल्यात पैसे आले, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ दुकानदाराला लागला. रिकामी जागा त्याने आठवड्याभरात भरली असणार. दयेचे पैसे आणि हौसेचे पैसे गल्ल्यात वेगळे ओळखू येत नाहीत, आणि दुकानदारांना हे इतके नेमके ठाऊक असते की मरतुकडा प्राणी मुद्दाम दर्शनी भागात ठेवणारेही मी पाहिले आहेत.

त्या रिकाम्या जागेमागचा पसारा किती मोठा असतो, याचा अंदाज आपल्याला येत नाही. स्टार कासव रानात प्रामुख्याने तीन भागांत आढळते: वायव्येकडे गुजरात, राजस्थान आणि लगतचा पाकिस्तान, दक्षिणेत आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू, आणि श्रीलंका. आंध्र-कर्नाटक सीमेवरील एकाच व्यापारकेंद्राचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात किमान ५५ हजार कासवे रानातून उचलली गेल्याचा अंदाज आहे. त्यातली बरीचशी थायलंड, मलेशियाकडे जातात, काही आपल्या शहरांत येतात. शेताच्या बांधावरून कासव उचलणाऱ्या माणसाच्या हातात या पैशातले फारच थोडे पडते. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत हे कासव साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टात घेतले गेले, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ पूर्ण बंद झाला. तो प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता.

इथे आकड्याइतकाच कासवाचा स्वभाव महत्त्वाचा आहे. उंदीर पकडले तर पुढच्या हंगामात भरून निघतात. कासवाची मादी वयात यायलाच कित्येक वर्षे घेते, एका वेळी मोजकीच अंडी घालते, त्यातली बरीच मुंगूस आणि घोरपडी खातात. पुढे तीच मादी दशकानुदशके अंडी देत राहते म्हणून वंश टिकतो. ती एक मादी रानातून उचलली की तिच्या पुढच्या वीस-पंचवीस पावसाळ्यांतली सगळी अंडी उचलल्यासारखे होते.

एक विनंती आत्ताच करून ठेवतो. मन बदलले आणि कोणी ‘तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल’ असे सुचवले, तर ऐकू नका. स्टार कासव जमिनीवरचे आहे, त्याला पोहता येत नाही. श्रावणात देवळाच्या कुंडात भाविकांनी सोडलेली दोन स्टार कासवे मी दुसऱ्या दिवशी मेलेली बाहेर काढली आहेत. सभामंडपात दगडी कूर्म असतो, म्हणून कुंडात जिवंत कासव हवे, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी.

पशुवैद्य, सोलापूर यांचे उत्तर

वरच्या उत्तरातल्या कायद्याच्या भागात मला भर घालायची नाही. मी प्राण्याबद्दल लिहिते.

पहिली गोष्ट, तुमचा बंड्या बहुधा बंडी असावी. स्टार कासवांत मादी नरापेक्षा बरीच मोठी आणि रुंद होते, आणि १ किलो ८०० ग्रॅम हे वजन नराला जास्त आहे. शेपटी आखूड आणि पोटाकडचे कवच सपाट असेल, तर शंका उरणार नाही; नराची शेपटी लांब असते आणि पोटाकडे खोलगट भाग असतो.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पहिल्या पावसानंतरच्या ज्या धडका तुम्ही वर्णन केल्या आहेत, त्यांचा याच्याशी संबंध आहे. हे प्राणी कोरड्या, काटेरी झुडुपांच्या मुलखातले. उन्हाळाभर ते झुडुपाखाली स्वस्थ पडून असतात आणि पाऊस पडून हवेत ओल आली की दिवसभर हिंडतात, चरतात, जोडीदार शोधतात. गॅलरीच्या बंद दाराआडही तो ओलावा पोचतो. ती फरशी उकरते, कारण तिला अंडी घालण्यासाठी मऊ माती हवी असते. नर नसला तरी मादीच्या पोटात अफलित अंडी तयार होतात, आणि खड्डा करायला जागा मिळाली नाही तर ती अंडी आत अडकून राहतात. अशा अवस्थेत उशिरा आणलेली एक मादी माझ्या टेबलावर दगावली होती. तिच्या मालकांनी वर्षभर तिला कशाचीही कमी पडू दिली नव्हती; त्यांच्या गॅलरीत फक्त माती नव्हती.

खाण्याचेही असेच आहे. काकडीत पाण्याखेरीज फारसे काही नसते. गवत, रानभाज्यांची पाने, निवडुंगाची फळे आणि फांद्या यांतून तिला तंतू आणि कॅल्शियम मिळाले पाहिजे, आणि ते कॅल्शियम हाडांत उतरायला थेट उन्हातले अतिनील किरण लागतात, जे खिडकीची काच अडवते. कवच बोटाने दाबून पाहा. ते कुठे दबत असेल, किंवा नाकातून फेस येत असेल, तोंड उघडे ठेवून ती श्वास घेत असेल, तर पुढच्या कोणत्याही चर्चेची वाट न पाहता वन्यप्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा.

ती तुम्हाला ओळखते, यात मला शंका वाटत नाही. सरपटणारे प्राणी वाटतात तितके मठ्ठ नसतात. कोणत्या पावलांमागून खाणे येते हे ते पक्के शिकतात. परंतु पुढे येऊन मान वर करण्यावरून ती घरात सुखी आहे असा निष्कर्ष काढायचा असेल, तर जूनमधल्या त्या दहा दिवसांवरूनही काहीतरी निष्कर्ष काढावा लागेल, आणि माझ्या मते तो जास्त विश्वासार्ह आहे, कारण तो खाण्याच्या आमिषाने मिळालेला नाही.

ऱ्हाईनकाठी (जर्मनी) यांचे उत्तर

मी मूळचा नाशिकचा, चौदा वर्षे इकडे आहे, आणि माझ्याकडे दोन बिबट्या-पाली आहेत, म्हणजे लेपर्ड गेको. त्यामुळे मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजा.

इकडे सरपटणारे प्राणी पाळणे कायदेशीर आहे आणि बहुतेक हौशी लोक ‘आम्ही बंदिवासात जन्मलेलेच प्राणी घेतो’ असे अभिमानाने सांगतात. माझ्या पालींच्या बाबतीत ते खरे आहे. ही जात पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीची झाली आहे, आणि त्यांच्या आई-बापांना मी पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन पाहिले होते. पण प्रत्येक जातीत हे इतके स्वच्छ नसते. इंडोनेशियातून ‘पैदाशीचे’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांचा माग काढणाऱ्या २०११ च्या अभ्यासात त्यातले किमान ८० टक्के रानातून पकडलेले निघाले. पैदास केंद्राने कागद दिला की रानातला साप केंद्रात जन्मलेला होतो. पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या बॉल पायथॉन या अजगरांची तर वेगळीच सोय आहे: गाभण माद्या किंवा अंडी रानातून आणायची, पिल्ले केंद्रात बाहेर येऊ द्यायची, आणि त्यांना रानातलेही म्हणायचे नाही आणि बंदिवासातलेही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र पूर्ण कायदेशीर होती. हाम या गावी सरपटणाऱ्या प्राण्यांचा फार मोठा बाजार भरतो, मी तिथे अनेकदा गेलो आहे. श्रीलंकेतल्या शिंगवाल्या सरड्यांना त्यांच्या देशात पूर्ण संरक्षण आहे, तिथून ते बाहेर नेणे गुन्हा आहे. तरीही २०१९ मध्ये ते साइट्सच्या परिशिष्टांत येईपर्यंत युरोपात त्यांची उघड विक्री चालत असे, कारण सीमा ओलांडली की मूळ देशाचा कायदा इकडे कोणाला बांधत नव्हता. एखाद्या बेटावरच्या नव्या जातीचे वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापून आले की तिचे गिऱ्हाईकही तयार होते. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाला १९९४ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले आणि हौशी संग्राहकांच्या मागणीने ते काही वर्षांत तिथून जवळजवळ संपले. सह्याद्रीतल्या नव्या पालींचे शोध वाचताना मला आता आनंदाबरोबर धास्तीही वाटते, आणि काही संशोधक नेमके ठिकाण छापायचे टाळतात ते योग्यच आहे.

तुमच्या प्रश्नाबाबत: माझ्या पाली आणि तुमचे कासव यांत मी फरक करतो. माझ्या पालींसाठी रानात कोणाची जागा रिकामी झाली नाही. स्टार कासवाची भारतात विक्रीसाठी कायदेशीर पैदासच नाही, तेव्हा दुकानातले प्रत्येक कासव कुठल्यातरी बांधावरून उचललेले किंवा उचललेल्याचे पिल्लू असते. मी तुमच्या जागी असतो तर दिले असते. किती दिवस टाळाटाळ करून दिले असते, ते सांगता येत नाही.

व्यवहारी माणूस यांचे उत्तर

इथे सगळे एकाच सुरात बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताब्यात घेतलेल्या कासवांचे पुढे काय होते ते कोणी पाहिले आहे का? मी पाहिले आहे. एका कार्यालयाच्या आवारात क्रेटमध्ये ठेवलेली कासवे न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून होती, मुद्देमाल म्हणून. त्यातली किती उरली हे मी विचारले नाही. या बाईंच्या घरी निदान जास्वंदीची फुले मिळतात. ज्याचे रान कुठले हेच माहीत नाही, ते रानात जाणार कसे? प्राण्याचे हित हाच निकष असेल, तर गप्प राहून नीट सांभाळणे हे अधिक नैतिक नाही काय?

माळरानवासी यांचे उत्तर

तुम्ही पाहिलेले खोटे नाही. मीही तशी क्रेट पाहिली आहेत, आणि त्याबद्दल लाज वाटावी अशीच ती स्थिती असते. रानाबद्दलचा तुमचा मुद्दाही बरोबर आहे. मुख्य भूमीवरची आणि श्रीलंकेतली कासवे जनुकीय दृष्ट्या वेगळी आहेत, शिवाय घरात राहिलेल्या प्राण्याबरोबर रोग रानात जाऊ शकतो. त्यामुळे कुठले तरी माळरान पाहून सोडणे हा उपाय नाही. बंडी कदाचित कधीच रानात जाणार नाही. हे मी आधीच लिहायला हवे होते.

पण तुमचा निकष पुढे नेऊन पाहा. नीट सांभाळणाऱ्याने गप्प राहायचे, असे ठरले की प्रत्येक घर स्वतःला नीट सांभाळणारेच समजेल, जसे त्या सोलापूरच्या मादीचे मालक समजत होते. गॅलरीतले कासव पाहून इमारतीतल्या दुसऱ्या मुलाला तसेच हवे होईल, आणि त्याच्यासाठी नवे कासव लागेल. आणि छाप्यात पकडलेल्या पन्नास कासवांची क्रेटमधली अवस्था आणि आपणहून आणून दिलेले एक कासव यांत फरक पडतो. बाईंनी आधी एखाद्या मान्यताप्राप्त उपचार केंद्राशी बोलावे, तिथे जागा आणि वैद्य आहेत याची खात्री करावी, मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि शक्य तर ओळखीच्या वकिलाला सोबत ठेवून सगळे लेखी द्यावे: कधी, कसे आले, घेणारी व्यक्ती आता हयात नाही, आणि आपण स्वतःहून देत आहोत. गुन्हा नोंदवला जाणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. आपणहून येणाऱ्याशी अधिकारी वेगळे वागतात, एवढे मी अनेकदा पाहिले आहे.

गच्चीवरची बाग यांचे उत्तर

सर्वांचे आभार. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले. शेपटी आखूड आहे आणि पोट सपाट. नऊ वर्षे आम्ही तिला बंड्या म्हणत होतो. कवच कुठे दबत नाही. उपचार केंद्राशी बोलणे झाले आहे, त्यांच्याकडे मातीचे कुंपण आहे आणि सध्या जागाही आहे. पुढच्या आठवड्यात द्यायचे ठरवले आहे. सासऱ्यांच्या हातून चूक झाली, असे मुलीला सांगणे मला अजून जमलेले नाही. आजोबांना तिची दया आली होती आणि आपल्यालाही आली आहे, एवढेच सांगितले. मुलीला सोबत न्यावे का? आणि प्रवासात काही काळजी घ्यायची का?

पशुवैद्य, सोलापूर यांचे उत्तर

आधी परवानगीचे पाहा: वन विभागाला कळवण्यापूर्वी स्वतः वाहनातून नेऊ नका, ते नेणे हाही गुन्हा धरला जाऊ शकतो; त्यांचे कर्मचारी आले तर उत्तम. हवा जाईल अशी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला वर्तमानपत्र आणि वर सुके गवत अंथरा. पाणी भरून ठेवू नका, बादली तर नकोच. निघण्याच्या आदल्या दिवशी नेहमीसारखे खाऊ द्या, प्रवासात काही देऊ नका, आणि उन्हाच्या आधी सकाळी लवकर निघा.

मुलीला जरूर न्या. तिची वही सोबत घ्या. नऊ वर्षांच्या वजनाची नोंद असलेले कासव केंद्रात सहसा येत नाही, आणि तिचे वजन कोणत्या महिन्यात घटते, कोणत्या महिन्यात वाढते, हे तिथल्या डॉक्टरांना दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. मात्र मूळ वही मुलीकडेच राहू द्या, त्यांना झेरॉक्स द्या.